गुलकंद, कलाकंद, कंदी पेढा: यातला 'कंद' म्हणजे नेमके काय?

'कंद' म्हटले की मराठी माणसाला सुरण, रताळे, कोनफळ आठवते. जमिनीखाली वाढणारा, गरदार, खाण्याजोगा भाग म्हणजे कंद. मग गुलकंदात कोणता कंद असतो? गुलाबाचे मूळ त्यात कोणी घालत नाही. कलाकंदात दूध आणि साखर असते. साताऱ्याच्या कंदी पेढ्यातही जमिनीखालचे काही नसते.

याचे उत्तर सोपे आहे. या पदार्थांतला 'कंद' हा कंदमुळांतला 'कंद' नव्हेच. तो फारसीतून आलेला वेगळा शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे साखर. तीही कोणतीही साखर नव्हे, तर मळी काढून पांढरी केलेली, घट्ट गोठवलेली साखर. इराणमध्ये ती शंकूच्या आकाराच्या साच्यात ओतून तयार करत. हाताएवढा किंवा त्याहून मोठा, टोकदार, दगडासारखा कडक असा तो शंकू असे.

शंकूच्या आकाराची साखर आज महाराष्ट्रात दुकानात मिळत नाही. तिचे नाव मात्र मिठाईच्या दुकानात, पानाच्या ठेल्यावर आणि घरातल्या बरणीवर रोज घेतले जाते. हा शब्द कुठून आला, ती साखर शंकूसारखी का असायची आणि शब्दाचा खरा अर्थ माहीत असल्याने काय फरक पडतो, ते पाहू.

दोन शब्द, एकच रूप

मराठीत 'कंद' या एकाच अक्षररूपात दोन वेगळे शब्द राहतात.

पहिला संस्कृत 'कन्द'. अर्थ: जमिनीखालचा फुगीर भाग. 'कांदा' हा शब्दही यातूनच आला. कंदमूळ, कंदभाजी हे सगळे या घरातले.

दुसरा फारसी-अरबी 'कंद'. अर्थ: शुद्ध केलेली साखर, साखरेचा खडा किंवा ठोकळा. गुलकंद आणि कलाकंद या घरातले.

मूळ भाषेत या दुसऱ्या शब्दातला 'क' घशाच्या आतल्या भागातून उच्चारला जातो. उर्दू आणि हिंदीत तो खाली नुक्ता देऊन वेगळा दाखवतात. मराठीने तो फरक ठेवला नाही. कलम, किल्ला, कैद, कायदा या शब्दांतला मूळ 'क' असाच घशातला होता, पण मराठीत येताना तो साधा 'क' झाला. 'कंद'चेही तेच झाले. त्यामुळे साखरेचा कंद आणि सुरणाचा कंद लिहायला व बोलायला अगदी सारखे झाले आणि गोंधळाला जागा मिळाली.

'कंदील' या शब्दाचा मात्र दोन्हींशी संबंध नाही. तो अरबी 'किंदील'वरून आला आणि त्याच्या मुळाशी मेणबत्तीसाठीचा लॅटिन शब्द आहे.

भारतातून गेला, इराणमधून परतला

फारसी 'कंद' हा मुळात भारतीय शब्द आहे. संस्कृतात 'खण्ड' म्हणजे तुकडा. उसाचा रस आटवून, त्यातली मळी निथळू देऊन जी दाणेदार, तुकड्या-तुकड्यांची साखर उरे तिलाही 'खण्ड' म्हणत. हिंदीतले 'खांड' आणि मराठीतले 'खांडसरी' किंवा 'खंडसारी' हे शब्द यातूनच आले.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या व्यवस्थेविषयी सांगताना उसाच्या पदार्थांची यादी येते: फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा. फाणित म्हणजे काकवीसारखा दाट पाक. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही असाच क्रम येतो आणि पुढचा पदार्थ आधीच्यापेक्षा अधिक शुद्ध मानला जातो. म्हणजे उसाच्या रसापासून साखरेपर्यंतच्या प्रत्येक पायरीला भारतात स्वतंत्र नाव होते.

यातली दोन नावे जगभर फिरली. 'शर्करा' म्हणजे मुळात वाळू, बारीक खडे. त्यापासून प्राकृतात 'सक्करा', मराठीत 'साखर', फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर' आणि पुढे इंग्रजीत 'शुगर' झाले. 'खण्ड' फारसीत 'कंद' झाला. अरबीने तो उचलला. अरबीत 'कंदी' म्हणजे साखरेचा. तिथून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोचला आणि 'कँडी' झाला. शाळेच्या दारात मिळणारी कँडी आणि गुलकंदातला कंद ही एकाच घरातली भावंडे आहेत.

इराणच्या नैऋत्येला असलेला खुजिस्तान हा प्रांत इस्लामपूर्व काळापासून ऊस आणि साखरेसाठी प्रसिद्ध होता. साखर पुन्हा पुन्हा विरघळवून, गाळून, गोठवून पांढरी करण्याचे तंत्र तिथे आणि नंतर अरब जगात पुढे गेले. या कडक साखरेला फारसीत 'तबरजद' असेही एक नाव होते. 'तबर' म्हणजे कुऱ्हाड. जी फोडायला कुऱ्हाड लागते ती साखर, असा त्याचा अर्थ. साच्यातून काढलेल्या अख्ख्या शंकूला इराणी लोक 'कल्ले कंद' म्हणतात. 'कल्ले' म्हणजे डोके. साखरेचे डोके असे हे नाव.

दिल्लीतील आणि दख्खनमधील सुलतानशाह्या, नंतर मोगल, यांच्या काळात फारसी ही दरबाराची, हकिमांची आणि मुदपाकखान्याची भाषा बनली. तिच्यासोबत 'कंद' भारतात परतला. 'खण्ड' म्हणून गेलेला शब्द नव्या रूपात घरी आला आणि घरच्यांनी त्याला ओळखले नाही.

साखरेला शंकूचा आकार का?

शंकूचा आकार शोभेसाठी नव्हता. साखर पांढरी करण्याच्या कामासाठी तो सोयीचा होता.

आटवलेल्या उसाच्या पाकात दोन गोष्टी असतात: गोठलेले साखरेचे कण आणि त्यांना चिकटलेली तपकिरी, चिकट मळी. मळी वेगळी केली की साखर पांढरी होते. यंत्रे नव्हती तेव्हा हे काम गुरुत्वाकर्षणाकडून करून घेत. पद्धत साधारण अशी होती:

– भाजलेल्या मातीचा शंकू टोक खाली करून उभा करत. टोकाला लहान छिद्र असे आणि ते आधी बंद ठेवत.

– त्यात गरम, दाट पाक ओतून ढवळत. थंड होताना साखरेचे कण धरत.

– मग टोकाचे छिद्र उघडून शंकू एका मडक्यावर ठेवत. मळी हळूहळू खाली ओघळून छिद्रातून मडक्यात पडे.

– वरच्या रुंद भागावर ओल्या पांढऱ्या मातीचा थर देत. त्यातले पाणी थेंबाथेंबाने साखरेतून खाली झिरपे आणि कणांना चिकटलेली उरलेली मळी धुऊन नेई. हा थर पुन्हा पुन्हा देत.

– शेवटी शंकू उलटा करून साखर बाहेर काढत आणि गरम खोलीत वाळवत.

या सगळ्याला काही आठवडे लागत. खालच्या टोकाकडे सगळी मळी जात असल्याने टोक सर्वांत शेवटी पांढरे होई. रुंद भागाची साखर सर्वांत शुद्ध असे. निमुळत्या आकाराचा आणखी एक फायदा म्हणजे गोठलेला ठोकळा साच्यातून सहज सुटे.

अरब राज्यांबरोबर हे साचे इजिप्त, सायप्रस, सिसिली आणि स्पेनपर्यंत गेले. सायप्रसमध्ये उत्खननात साखर कारखान्यांचे अवशेष आणि मातीचे शंकू सापडले आहेत. पुढे युरोपातल्या शहरांत साखर शुद्ध करणारे कारखाने निघाले आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत तिथल्या वाण्याच्या दुकानात साखर म्हणजे शंकूच असे. तो निळ्या कागदात गुंडाळत, कारण निळ्या रंगाशेजारी साखर अधिक पांढरी दिसते. घरी तिचे तुकडे करायला खास चिमटा असे. ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोच्या किनाऱ्यावरचा 396 मीटर उंचीचा प्रसिद्ध सुळका याच आकारामुळे 'साखरेचा पाव' या अर्थाच्या पोर्तुगीज नावाने ओळखला जातो.

भारतातली पद्धत कोणती?

भारतातही मळी निथळूनच साखर पांढरी करत, पण साधने वेगळी होती. आटवलेल्या रसाला उत्तर भारतात 'राब' म्हणतात. ती कापडी पिशव्यांत भरून दाबत किंवा मोठ्या टोपल्यांत निथळत ठेवत. टोपलीतल्या साखरेवर ओल्या पाणवनस्पतीचा थर पसरत. त्यातला ओलावा हळूहळू खाली उतरून मळी धुऊन नेई. वरची साखर पांढरी झाली की ती खरवडून घेत आणि नवा थर देत. पांढऱ्या मातीचे काम इथे शेवाळ करी. हीच खांडसरी साखर.

महाराष्ट्रात मात्र घराघरात साखरेपेक्षा गुळाचे राज्य होते. गुळात मळी वेगळी काढत नाहीत. रस काहिलीत आटवायचा, वाफ्यात ओतून घोटायचा आणि साच्यात भरायचा. कोल्हापूरच्या गुऱ्हाळांत हा गूळ बादलीसारख्या साच्यात भरतात. त्यामुळे गुळाची मोठी ढेप एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला थोडी निमुळती असते. टोक कापलेल्या शंकूसारखा हा आकार. साच्यातून सहज सुटावी, हेच त्यामागचेही कारण. महाराष्ट्राच्या बाजारात साखरेच्या शंकूच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू हीच.

गुलकंद: ना गूळ, ना मूळ

गुलकंद हा फारसी जोडशब्द आहे. 'गुल' म्हणजे फूल, विशेषतः गुलाब, आणि 'कंद' म्हणजे साखर. पाककृतीच नावात सांगितली आहे. गुलाबाच्या पाकळ्या मधात मुरवल्या तर त्याला फारसीत 'गुलंगबीन' म्हणत. 'अंगबीन' म्हणजे मध. मधाच्या जागी साखर आली आणि पदार्थाचे नावही बदलले.

मराठीत अनेक जण याला 'गुळकंद' म्हणतात आणि लिहितातही. यात शब्दाच्या दोन्ही भागांचा अर्थ बदलून गेला आहे. 'गुल'चा झाला 'गूळ' आणि 'कंद'चे झाले 'मूळ'. अनोळखी शब्द कानाला ओळखीचा करून घेण्याची ही भाषेची जुनी सवय आहे. उच्चार म्हणून 'गुळकंद' मराठीत रुळला आहे, त्यामुळे त्याला चूक म्हणण्याचे कारण नाही. पण त्यावरून पदार्थात गूळ असतो असे समजणे बरोबर नाही.

घरी गुलकंद करताना देशी गुलाबाच्या पाकळ्या आणि खडीसाखर किंवा साखर थरावर थर देऊन काचेच्या बरणीत भरतात आणि काही आठवडे उन्हात मुरवतात. साखरेचे प्रमाण पाकळ्यांच्या वजनाइतके आणि अनेक घरांत त्याहून जास्त असते. साखरेमुळेच तो टिकतो.

कलाकंद आणि कंदी पेढा

कलाकंद ही दूध आटवून, फाडून, साखर घालून केलेली रवाळ मिठाई. हिंदी-उर्दूत तिच्या नावाचा शेवटचा भाग नुक्ता देऊन लिहितात. म्हणजे तोही साखरेचा कंद. तो नुक्ता मराठीत येताना गळला.

साताऱ्याच्या कंदी पेढ्याची गोष्ट अधिक रंजक आहे. हा पेढा खवा चांगला भाजून करतात, त्यामुळे तो तपकिरी, खमंग आणि टिकाऊ असतो. इंग्रज अधिकाऱ्यांना तो आवडला, त्यांनी त्याला 'कँडी' म्हटले आणि लोकांनी त्याचे 'कंदी' केले, अशी गोष्ट साताऱ्यात सांगतात. दुसरी सोपी शक्यता अशी की 'कंद' म्हणजे साखर हा अर्थ इंग्रजांच्या आधीपासून इथे होता आणि 'कंदी' म्हणजे साखरेचा हे फारसी वळणाचे विशेषणही तयारच होते.

दोन्हींपैकी कोणतीही वाट धरली तरी मुक्काम एकच आहे. कारण इंग्रजी 'कँडी' हा स्वतःच 'कंद'चा वंशज आहे. कंदी पेढ्याचे नाव साहेबाने दिलेले असो वा हलवायाने, त्याच्या तळाशी संस्कृत 'खण्ड' आहे.

लग्नातला साखरेचा शंकू

रोजच्या वापरातून शंकू गेला, पण काही समाजांनी तो शुभकार्यात जपला. इराणमधल्या लग्नात वधूवरांच्या डोक्यावर पांढरे कापड धरतात आणि नातेवाईक स्त्रिया साखरेचे दोन शंकू त्यावर एकमेकांवर घासतात. साखरेचा भुगा कापडात पडतो. संसार गोड व्हावा, हा त्यामागचा भाव. मोरोक्कोत आजही कागदात गुंडाळलेले दोन किलोचे साखरेचे शंकू दुकानात मिळतात आणि ते लग्नाच्या आहेरात देतात.

महाराष्ट्रात याचा जवळचा धागा मुंबईतल्या पारशी घरांत सापडतो. नवजोत आणि लग्न अशा प्रसंगी पारशी लोक 'सेस' नावाचे चांदीचे तबक मांडतात. त्यात गुलाबपाणी शिंपडण्याचे भांडे आणि कुंकवाची डबी यांच्यासोबत 'सोपारो' नावाचा चांदीचा शंकू असतो. त्यात खडीसाखर किंवा बत्तासे ठेवतात. साखरेच्या जागी चांदी आली, तरी शंकूचा आकार आणि गोडव्याचा अर्थ टिकला.

मराठी घरात लग्न ठरल्याचा विधी तर साखरेच्याच नावाचा आहे: साखरपुडा. 'पुडा' म्हणजे कागदात बांधलेली वस्तू. वराकडच्यांनी वधूची ओटी भरून तिच्या हाती साखरेचा पुडा द्यायचा, हा मूळ प्रकार. आता त्यात बहुधा पेढे असतात. बाजारात मिळणारे सजवलेले पुडे अनेकदा शंकूच्या आकाराचे, जरीने आणि मण्यांनी मढवलेले असतात. या शंकूसाठी इराणपर्यंत जाण्याची गरज नाही. वाणी दाणे बांधून देतो त्या पुडीसारखा कागद गुंडाळला की तो आकार आपोआप येतो. पण साखर ही एकेकाळी मोलाची, क्वचित घरात येणारी वस्तू होती, म्हणून तिचा पुडा हीच वचनाची खूण ठरली. ही समजूत मात्र इराणपासून महाराष्ट्रापर्यंत सारखी आहे.

शंकू नाहीसा कसा झाला?

शंकूचा शेवट दोन शोधांनी केला. पहिला शोध घन आकाराच्या साखरेचा. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या डाचित्से गावातल्या साखर कारखान्याचे व्यवस्थापक याकोब क्रिस्तोफ राड यांनी 1843 मध्ये साखरेचे चौकोनी खडे पाडण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. साखरेचा शंकू फोडताना त्यांच्या पत्नीच्या बोटाला जखम झाली आणि तिनेच हा उपाय सुचवला, अशी गोष्ट सांगतात.

दुसरा आणि मोठा बदल यंत्राचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर साखर कारखान्यांत वेगाने फिरणारी, जाळीच्या भिंतीची पिंपे आली. पाक त्यात घालून फिरवला की मळी जाळीतून बाहेर फेकली जाते आणि दाणेदार साखर आत उरते. आठवड्यांचे काम मिनिटांवर आले. साखर थेट दाण्यांच्या रूपात मिळू लागल्यावर साच्याची गरज संपली.

पश्चिम भारतात ही यंत्रावरची पांढरी साखर आधी बाहेरून आली. मॉरिशसहून येणाऱ्या साखरेला गुजरातीत आणि मुंबईकडच्या जुन्या मराठीत 'मोरस' असे नावच पडले. 1905 नंतरच्या स्वदेशी चळवळीत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला. ही साखर हाडांच्या कोळशातून गाळतात, हे कळल्याने बहिष्काराला धार्मिक धारही आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेहरानच्या राज्यपालाने साखरेचा भाव वाढवल्याच्या आरोपावरून व्यापाऱ्यांच्या तळपायांवर फटके मारवले. त्यातून उठलेले आंदोलन 1906 मध्ये इराणला राज्यघटना आणि संसद मिळण्यापर्यंत गेले.

भारतात 1932 च्या संरक्षक कायद्याने आयात साखरेवर जकात बसली आणि देशी कारखाने वाढले. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तोवर जगभर साखर म्हणजे दाणे हे ठरून गेले होते. त्यामुळे महाराष्ट्र देशातले मोठे साखर-राज्य झाले, तरी 'कंद' हा शब्द साखरेच्या पोत्यावर कधी आला नाही. तो मिठाईतच राहिला.

कामरगावात 'ढेप' मागितली तर?

वस्तूचा आकार हेच तिचे नाव होणे, ही 'कंद'पुरती गोष्ट नाही. मराठीतली गोडाची बरीच नावे अशीच आहेत. साखर म्हणजे खडे. खडीसाखर म्हणजे खड्यांची साखर. गुढीला घालतात त्या गाठी. गुळाची ढेप, भेली, रवा. पण आकारावरून पडलेले नाव त्या आकाराच्या दुसऱ्या वस्तूलाही लागू शकते. म्हणून तोच शब्द एका भागात एक आणि दुसऱ्या भागात दुसरा अर्थ देतो.

वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले कामरगाव हे वऱ्हाडातल्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातले गाव. इथे 'ढेप' म्हटले की आधी आठवते ती सरकीची ढेप, म्हणजे सरकीतले तेल काढल्यावर उरणारे गुरांचे खाद्य. पश्चिम महाराष्ट्रात यालाच 'पेंड' म्हणतात आणि 'ढेप' शब्द गुळासाठी राखून ठेवतात. वऱ्हाडात गुळाला 'भेली' म्हणतात. कोल्हापूरच्या पाहुण्याने इथे ढेपेचा भाव विचारला तर उत्तर म्हशीच्या आंबोणाचे मिळेल. दोघांचेही बरोबर आहे. दाबून घट्ट केलेला गोळा हा 'ढेप'चा मूळ अर्थ दोन्हीकडे शाबूत आहे.

याच पट्ट्यात आणखी एक 'कँडी' भेटते. रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा भाव व्यापारी आजही खंडीत सांगतात आणि ही खंडी साधारण 356 किलोंची धरतात. इंग्रजीत या खंडीला 'कँडी' लिहितात. बाजारभावाच्या इंग्रजी बातमीत 'प्रति कँडी' दिसले तर त्याचा गोळ्या-चॉकलेटशी संबंध नसतो. स्पेलिंग एकच, पण वजनाची कँडी मराठी 'खंडी'वरून आणि खाण्याची कँडी 'कंद'वरून आलेली.

शब्द वाचताना आणि वापरताना

जुन्या पाककृतीत, हकिमी नुस्ख्यात किंवा फारसी वळणाच्या मराठी कागदात खाद्यपदार्थांत 'कंद' दिसला, तर आजूबाजूचे शब्द पाहावेत. सुंठ, वेलदोडे, केशर, गुलाब, दूध यांच्या सोबतीला असेल तर तो बहुधा साखरेचा कंद. सुरण, रताळी, अळू, उपवास यांच्या सोबतीला असेल तर जमिनीखालचा.

हिंदीतून मराठीत वाचताना 'मिश्री'कडेही लक्ष द्यावे. हिंदीत ती खडीसाखर, कारण ती 'मिस्र' म्हणजे इजिप्तच्या नावाने ओळखली गेली. मराठीत मिश्री किंवा मिसरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची दात घासायची पूड. हिंदी पाककृतीचे भाषांतर करताना हा शब्द तसाच ठेवला तर गडबड होईल.

साखरेच्या शंकूसाठी आज मराठीत रूढ असा एकच शब्द नाही. भाषांतरात किंवा लेखनात 'साखरेचा शंकू' किंवा 'शंकूच्या आकाराची साखर' असे सरळ लिहिणे बरे. 'गुळाची ढेप' किंवा 'खडीसाखर' हे पर्याय चुकीचे ठरतात. गुळात मळी असते, शंकूत नसते. खडीसाखर पाकात दोऱ्यावर मोठे स्फटिक वाढवून करतात, तर शंकू म्हणजे बारीक कणांचा एकसंध ठोकळा. मेक्सिकोत शंकूच्या साच्यात पाडलेला गूळ मिळतो. त्याचा आकार कंदाचा, पण पदार्थ गुळाचा.

शेवटचा मुद्दा रोजच्या जेवणातला. उन्हाळ्यात 'थंड' म्हणून गुलकंद आवडीने खातात. नावातला कंद मुळाचा आणि गुल गुळाचा समजला तर तो फुला-मुळांचा, साखरेविना केलेला पदार्थ वाटू शकतो. मधुमेह असलेल्यांसाठी हा गैरसमज महागात पडणारा आहे. गुलकंदाचा चमचा म्हणजे मुख्यतः साखरेचा चमचा. बरणीवरची बारीक अक्षरे वाचली नाहीत तरी चालेल, कारण नावातच ते लिहिलेले आहे: गुल म्हणजे गुलाब, कंद म्हणजे साखर.